न झालेल्या गोलचा ताशा

आमच्या वस्तीत गोल झाल्याची बातमी तोंडानं येत नसे, ताशानं येई. सामना संपला की रहीमचाचा गळ्यात ताशा अडकवून पुढं निघायचे, मागं धुळीनं माखलेली आमची टीम. ज्यानं गोल मारला त्याच्या दारापुढं थांबून ते कडकड वाजवायचे. एक गोल असला तर एकदा, दोन असले तर दोनदा. मग त्या घरच्या बाईनं बाहेर येऊन गूळ-खोबरं वाटायचं आणि वाटताना चेहरा असा ठेवायचा, जणू हे तिच्या दारी रोजचंच आहे. हा रिवाज कोणी पाडला ते मला सांगता येणार नाही. रहीमचाचा लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवायचे आणि लग्नसराई नसली की त्यांचे हात शिवशिवायचे. कारण बहुतेक तेवढंच असावं. पण या ताशानं आमची टीम वर नेली आणि त्याच ताशानं ती बुडवायला काढली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून ती हकीगत इथं मांडतो.

वस्ती खाम नदीच्या काठाला, पाणचक्कीच्या खालच्या अंगाला. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचो, आता पत्त्यावर छत्रपती संभाजीनगर लिहितो. दोन खोल्यांचं घर, वर पत्रे. माय पिशोरची, बा देवगाव रंगारीचा. लग्नानंतर दोघं शहरात आले आणि बा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमालीला लागला. आमच्या घराचे आवाज मला अजून एकामागोमाग एक ऐकू येतात. पहाटे मायची भाकरी थापल्याची थपथप. शेजारच्या खैरुनखालांच्या कोंबड्या. आणि संध्याकाळी बा आला की त्याचा तो एक आवाज. दिवसभर पाठीवर पोती वाहिलेला माणूस ओसरीवर टेकताना छातीच्या तळातून श्वास सोडायचा, "हुऽऽश्श." तो आवाज झाल्याशिवाय घरात कोणी त्याच्याशी बोलायचं नाही, असा दंडकच होता. आधी हुश्श, मग तांब्याभर पाणी, मग बोलणं.

मी त्या साली कॉलेजात होतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. पुढं मी बी.कॉम. झालो, नोकरी केली, मानानं निवृत्त झालो. ही गोष्ट मी कोणी न विचारता सांगतो आणि सांगताना माझा आवाज चढतो, असं बायको म्हणते. चढू दे. पण त्या साली कॉलेज हे माझं अर्धंच आयुष्य होतं. उरलेलं अर्धं होतं खामकाठ इलेव्हन, आणि तिथं मी उजव्या बाजूचा बॅक होतो.

आता ही टीम कशी खेळायची ते सांगायला हवं. आमचं मैदान म्हणजे नदीच्या गाळाचा एक पट्टा. रुंदी एवढीच की दोन माणसं हात पसरून धावली तर एकमेकांना लागतील. एका गोलच्या मागं बाभळी, दुसऱ्याच्या मागं नदी. असल्या मैदानावर मागं थांबण्यात काही अर्थच नव्हता. चेंडू जिथं असेल तिथं सगळे. अकरा जण घोळक्यानं पुढं जायचे, घोळक्यानं परत यायचे. समोरच्यानं चार मारले तर आम्ही सहा मारू, असा सगळा हिशेब. आमचा गोलकीपर मोहनसुद्धा चेंडू घेऊन अर्ध्या मैदानापर्यंत येई, कारण त्यालाही दारात ताशा हवा होता. बॅक, हाफ, फॉरवर्ड हे शब्द आम्हाला माहीत होते, पण ते सामन्याआधी पंचाला सांगण्यापुरते. गाळातून उठून आम्ही शहरातल्या लीगच्या ब गटात गेलो, तर तिथली मैदानंही बेताचीच निघाली. आमचा घोळका त्या टीमांच्या अंगावर चालून गेला की त्यांना पळता भुई थोडी व्हायची. त्या साली आम्ही ब गटात पहिले आलो. मीही एक गोल मारला, कॉर्नरच्या गर्दीत गुडघा लागून. गुडघ्याचा का असेना, ताशा वाजला. मायनं वाटलेला गूळ आठवडाभर वस्तीत गाजला, कारण तिनं त्यात भाजलेले शेंगदाणेही घातले होते.

पुढच्या साली आम्ही अ गटात. अ गटाचे सामने आमखास मैदानावर व्हायचे. पहिल्या दिवशी तिथं उभं राहिलो तेव्हा पलीकडचा गोल मला लग्नातल्या दूरच्या पाहुण्यासारखा दिसला. आहे आपलाच, पण ओळख पटेना. आम्ही नेहमीसारखा घोळका करून पुढं धावलो. समोरच्या टीममधला एक उंच पोरगा शांतपणे थांबला, त्यानं चेंडू आमच्या डोक्यावरून मागं टाकला, आणि मागं पाहतो तो काय, मागं कोणीच नाही. मोहनसुद्धा नाही. चेंडू एकटाच उड्या मारत गोलमध्ये गेला, जणू मालकीण घरी नसताना शेळी आत शिरावी. तो पहिला. मग असेच आणखी. आम्हीही दोन मारले, अन्वरनं मारले, आणि परतताना त्याच्या दारात ताशा दोनदा वाजला. लोक नाचले. हरलो होतो हे घरी जाऊन भाकरी पुढं आल्यावर लक्षात आलं.

अन्वर आमचा सेंटर फॉरवर्ड. खैरुनखालांचा धाकटा, पायानं जादूगार आणि तोंडानं फटकळ. त्या सीझनला ताशा वाजला तो जवळजवळ सगळा त्याच्याच दारात, म्हणजे आमच्या भिंतीच्या पलीकडं. मायला ते सोसायचं नाही. दोघी बायका जिवाच्या मैत्रिणी होत्या. एकीचं मीठ संपलं की दुसरीच्या भिंतीवरून वाटी यायची. पण ताशाच्या दिवशी वाटीबरोबर टोमणाही यायचा.

"खैरुन, तुमच्या उंबऱ्याला आता लोखंडी पट्टी मारून घ्या गं बाई. लई झिजला."

"हौ, मारतूँ ना," पलीकडून खाला म्हणायच्या. "तुम्हारा उंबरा तो एकदम नवा है, सुमन. उसीच में से थोडा काटके दे दो."

मग माय आत येऊन माझ्याकडं बघायची. बोलायची नाही. येसराची आमटी वाढताना पळी भांड्यावर जरा जोरात आपटायची. मला ते समजायचं. मी बॅक असलो तरी दर सामन्यात पुढं धावायचो, त्यामागं ही पळीही होती.

सलीमभाई आमचे कप्तान, कोच, सगळं काही. सायकलच्या दुकानात पंक्चर काढता काढता टीम चालवायचे. एक दिवस आम्ही दुकानासमोर चहा पीत बसलो होतो, तर किल्लेदार क्लबचे सेक्रेटरी स्कूटरवरून आले. ते वकील होते, म्हणून सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. किल्लेदार म्हणजे अ गटातला जुना, दांडगा क्लब. त्यांनी चहा नको म्हटलं, उभ्यानंच बोलले.

"सलीम, तुमची पोरं चांगली आहेत. पण तुम्ही खाली, ब गटात जाताय. खाली गेलात की अन्वर आणि मोहनला मी आमच्याकडं घेणार, बाकीचे क्लबही दोघातिघांना घेतील. मग तुमचं काय उरतं? आत्ताच सांगून ठेवतो, मागून मनात धरू नका."

ते गेले. सलीमभाईंनी ट्यूब पाण्याच्या टबात बुडवली आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहत राहिले. अन्वर म्हणाला, "मैं नहीं जाता, भाई." पण तो हळू म्हणाला, आणि ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मी मनात नावं मोजली. अन्वरला मागतील, मोहनला मागतील, दोन्ही हाफना मागतील. उजव्या बाजूचा बॅक, जो बॅकला कधी नसतोच, त्याला कोण मागणार? टीम मोडली तर बाकीच्यांना दुसरी टीम होती. मला ही एकच होती. आज हे लिहिताना लहान गोष्ट वाटते. तेव्हा मी चहा तसाच ठेवून उठलो होतो.

सलीमभाईंनी मग उपाय सुरू केले. दुकानाच्या फरशीवर खडूनं मैदान काढलं आणि नटबोल्ट मांडून कोणी कुठं उभं राहायचं ते शिकवलं. "ये चार नट पीछेच रहेंगे. दुनिया डूब जाए, पीछेच." आम्ही माना डोलवल्या. सामन्यात पाच मिनिटं चारही नट मागं राहिले. मग अन्वर पुढं सुटला, प्रेक्षकांतून रहीमचाचांनी ताशावर नुसती बोटं फिरवली, टर्रर, आणि आमचे पाय आपोआप चालू लागले. आवाजच तसा होता. लहानपणापासून त्या आवाजामागं धावलेले आम्ही. पुन्हा मागं रिकामं मैदान, पुन्हा मोहन एकटा, पुन्हा तेच.

तेव्हा सलीमभाई चिडले आणि त्यांनी ताशाच बंद केला. "बस. ये लीग खतम होने तक वस्ती में ताशा नक्को." रहीमचाचांनी ताशा उचलला, कापडात गुंडाळला, आणि सलीमभाईंशी बोलणं सोडलं. पुढच्या सामन्यात आम्ही मागं थांबलो खरे, पण उन्हात खांब उभे असावेत तसे. कोणाच्या पायात जीव नव्हता. समोरचे आमच्यामधून भाजी निवडत गेल्यासारखे गेले. परतताना वस्तीतून मुकाट चाललो. दारात उभ्या बायका विचारत होत्या, "झाला का नाय सामना?" कारण ताशाशिवाय सामना झाला हेच कोणाला पटत नव्हतं.

हे कोडं आमच्या ओसरीवर सुटलं. त्या काळी सामन्याच्या दिवशी सकाळी टीममधली चार-पाच जणं आमच्याकडं धपाटे खायला यायची. मायचे धपाटे, वर दही, बाजूला लसणाचा ठेचा. त्या दिवशी सलीमभाई आले होते आणि खालांनी हाताला धरून रहीमचाचांनाही आणलं होतं. दोघं ओसरीच्या दोन टोकांना पाठ फिरवून बसलेले. बा मधे बसून निवांत खात होता. माय तव्यापुढून उठली नाही, तिथूनच बोलली.

"सलीमभाई, ताशा कशापायी बंद केला?"

"भाभी, ताशा बजता है गोल का. तो सब गोल के पीछे भागते. घर कौन संभालेगा?"

"मग बंद कशाला करायचा? संभाळणाराचा वाजवा की."

रहीमचाचांनी मान वळवली. "जो गोल हुआच नहीं, उसका ताशा? सुमनबाई, मैं चालीस साल से बजारा. जो हुआ नहीं वो मैं कैसे बजाऊँ?"

माय आता तवा उतरवून बाहेर आली. हाताला पीठ. "चाचा, आमच्या पिशोरला ज्वारी हुरड्यात आली की एक जण माळ्यावर बसतो. गोफण घेऊन. पाखरं हाकतो, डुकरं हाकतो, रातच्याला बी तिथंच. त्यो ज्वारीचं एक ताट कापत नाय, एक कणीस खुडत नाय. तरी खळ्यावर रास पडली की पयला वाटा त्येचा. का? तर रास दिसती ती त्येच्यामुळं. पाखरानं जे खाल्लं नाय, त्येचा त्यो वाटा. मग तुमच्या खेळात राखणदाराला वाटा का नाय?"

बानं भाकरीचा, म्हणजे धपाट्याचा, घास तोंडात घातला आणि म्हणाला, "बराबर हाय." बा सबंध दिवसात बोलायचा त्यातलं हे बरंच मोठं वाक्य होतं.

सलीमभाई हसले. रहीमचाचा नाही हसले, पण त्यांनी दुसरा धपाटा मागितला. तिथंच ठरलं. गोल मारेल त्याच्या दारात ताशा, ते जुनंच. आणि ज्या सामन्यात आपल्यावर एकही गोल होणार नाही, त्या दिवशी मोहनच्या आणि बॅक खेळणाऱ्यांच्या दारात ताशा. तिथंच बसलेल्या खाला म्हणाल्या, "देखो देखो, अपने दरवाजे का बंदोबस्त करली सुमन!" माय म्हणाली, "व्हय, केला." अजिबात लाजली नाही.

इथं सगळं सुरळीत झालं असं वाटेल, तर नाही. आमच्या वस्तीचे लोक एका टोकावरून उतरले की थेट दुसऱ्या टोकावर जाऊन बसतात. पुढच्या सामन्याला अकराच्या अकरा बॅक झाले. कोणीतरी डोकं चालवलं होतं, की गोल मारणं आपल्या हाती नाही, नशीब लागतं, पण मागं उभं राहणं हाती आहे. मग सगळेच मागं. आमच्या गोलसमोर बाजारच्या दिवशी लासूर स्टेशनला गाडी लागल्यासारखी गर्दी. मोहन आतून ओरडतोय, "अरे सरका, मला चेंडू दिसू द्या!" अन्वर, शहरातला नामी सेंटर फॉरवर्ड, मोहनच्या काखेत उभा. समोरून चेंडू आला, तिघं एकदम उडाले, एकमेकांवर आदळले, आणि चेंडू अन्वरच्या पाठीला लागून आत गेला. आमच्याच गोलमध्ये. तेवढ्या एका गोलनं हरलो. रहीमचाचा हातात काड्या घेऊन रेषेवर उभे होते. म्हणाले, "मियाँ, गोल तो अन्वर काच है. जाऊँ क्या उसके घर?" मैदानात बसल्या बसल्या आम्ही हसलो. अन्वरही हसला. हरल्यावर हसायची ती पहिलीच वेळ, आणि मला वाटतं टीम तिथंच पुन्हा टीम झाली.

सलीमभाईंनी मग नियम पक्का केला. कोणते चार बॅक, ते सामन्याआधी चहाच्या टपरीवर जाहीर होणार, आणि ताशा आला तर त्यांच्या आणि मोहनच्याच दारात. बाकीचा कोणी मागं उभा राहून मेला तरी त्याला काही नाही. हे बरोबर बसलं. पुढचे चारही सामने आम्ही जेमतेम तोलून धरले, दोन जिंकलो, दोन हरलो. दर वेळी कुठंतरी एखादा गोल आमच्यावर व्हायचाच, म्हणून नवा ताशा काही वाजला नाही. अन्वरच्या दारात मात्र वाजला. माय काही म्हणायची नाही. पळी आपटणं तेवढं चालू होतं.

शेवटचा सामना किल्लेदारशी. तो बरोबरीत सुटला तरी आम्ही वर राहत होतो. हरलो तर खाली, आणि खाली गेलो की वकीलसाहेबांची स्कूटर. वकीलसाहेब स्वतः रेषेवर खुर्ची टाकून बसले होते. वस्तीतली माणसं पलीकडं उभी. त्यांच्यात बा होता. मोंढ्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आला होता आणि पोती ओढायचा हुक तसाच खांद्याला अडकवलेला. तोवर त्यानं माझा एकही सामना पाहिला नव्हता.

किल्लेदारची पोरं चांगली खेळत होती, हे कबूल केलं पाहिजे. त्यांचा डावीकडचा फॉरवर्ड माझ्याच अंगावर होता, सडपातळ, केस कपाळावर, वाऱ्यासारखा. पहिल्या अर्ध्या वेळात त्यानं मला दोनदा मातीत बसवलं. दोन्ही वेळा मागून आमचा दुसरा बॅक आला आणि त्यानं चेंडू बाहेर मारला. दुसरा बॅक मागं होता, ही गोष्टच नवी होती. मी उठताना त्याच्याकडं पाहिलं, तर तो म्हणाला, "बघतो काय? राख की!" मायचं ते माळ्यावरचं बोलणं आता टीमची भाषा झालं होतं.

सामना शेवटाकडं आला, दोन्हीकडं काही नाही. किल्लेदारचे जवळजवळ सगळे पुढं चढले आणि एक चेंडू सुटून माझ्या पायात आला. मी मान वर केली. समोर सबंध उजवी बाजू मोकळी. कोणीच नाही. पलीकडं अन्वर हात वर करून धावतोय. माझे पाय सुटले. दोन पावलं मी टाकलीही. लोक ओरडत होते, आणि गुडघ्यानं मारलेला तो गोल, गुळातले शेंगदाणे, सगळं एकदम आठवलं. मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. कान ताशाची टर्रर शोधत होते, आणि ती आली नाही. मी रेषेकडं पाहिलं. रहीमचाचांनी दोन्ही काड्या काखेत धरल्या होत्या आणि ते माझ्याकडं टक लावून बघत होते. मी चेंडू जोरात पुढं अन्वरकडं मारला आणि स्वतः मागं फिरलो.

अन्वरपर्यंत तो पोचला नाही. किल्लेदारच्या मागं उरलेल्या बॅकनं मधेच अडवून सरळ परत लांब मारला, माझ्या बाजूला, त्या सडपातळ पोराकडं. तो मोहनला चुकवून आत शिरला आणि त्यानं रिकाम्या गोलकडं चेंडू ढकलला. जोरात नाही, अलगद, खात्री असल्यासारखा. मी तिथं होतो. मी पुढं गेलो असतो तर तिथं नसतो. एवढाच तो प्रसंग. गोलच्या रेषेवर आडवा पडून मी पाय घातला, चेंडू पिंडरीला लागला, तिथून खांबाला, तिथून बाहेर. माझं तोंड मातीनं भरलं. मोहन माझ्या अंगावर पडून ओरडत होता आणि मला वाटलं, गोल झाला. मी विचारलं, "गेला?" तो म्हणाला, "नाय रे! नाय गेला!"

माझी नात फोनवर परदेशातले सामने बघते. परवा तिथली एक टीम अशीच खालच्या गटातून वर आलेली, आणि दर आठवड्याला मागून फाटत होती. नात वैतागून म्हणाली, "आजोबा, हे लोक मागं का नाही थांबत?" मी म्हटलं, "पोरी, त्यांच्याकडं ताशा कोणाचा वाजतो ते आधी विचार." तिला कळलं नाही. म्हणूनही हे लिहून ठेवतोय.

पंचानं शेवटची शिट्टी वाजवली तेव्हा आरडाओरडा झाला नाही. शून्य-शून्य. असल्या सामन्याचं काय करायचं असतं हे आमच्याकडच्या कोणालाच माहीत नव्हतं. क्षणभर सगळे नुसते उभे. आणि मग पलीकडच्या गर्दीतून आवाज आला, छातीच्या तळातून, लांब, "हुऽऽश्श." माझा बा. तो आवाज मी अंधारातही ओळखला असता. त्याच्या शेजारच्या माणसानं तसाच श्वास सोडला, मग त्याच्या शेजारच्यानं, आणि मग सबंध वस्तीनं, जणू सगळ्यांच्या पाठीवरचं एकच पोतं खाली टेकलं. त्यानंतर लोक हसायला लागले. सलीमभाई मैदानाच्या मधोमध खाली बसले आणि त्यांनी तोंडावर रुमाल घेतला. वकीलसाहेबांनी खुर्ची मिटली, आमच्याकडं येऊन माझी पिंडरी पाहिली, म्हणाले, "बर्फ लावा," आणि स्कूटर चालू करून गेले.

वस्तीच्या तोंडाशी रहीमचाचा अडले. काड्या हातात, पण हात वर जाईना. "गोल की चाल मेरेकू आती," ते सलीमभाईंना म्हणाले, "इसकी कौनसी?" सलीमभाई म्हणाले, "चाचा, आपकी मर्जी." चाचांनी थोडा विचार केला. मग त्यांनी जी चाल धरली ती गोलची कडकड नव्हती. वरात दूरवरून, रस्ते ओलांडून, नवरीला घेऊन दारात सुखरूप पोचते, तेव्हा शेवटी जे संथ, भरघोस वाजवतात, ते. पहिल्यांदा मोहनचं दार, मग इतर तिघांचं, आणि मग गल्लीच्या टोकाला आमचं.

माय दारात उभी होती. गुळाचं ताट आधीच तयार, वर शेंगदाणे. कुठून कळलं कोणास ठाऊक. खाला स्वतःचं दार ओढून घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसल्या होत्या. "आज हमारा दरवाजा खाली," त्या म्हणाल्या, "तो इधर आ गई सुनने." मायनं पहिला खडा त्यांच्या हातावर ठेवला. मग माझ्या पायाकडं पाहिलं, मातीनं भरलेल्या तोंडाकडं पाहिलं, आणि विचारलं, "गोल कुणी घातला?"

"कुणीच नाय, माय."

"बरं झालं."

चाचांनी वाजवलं, चाल संपवली आणि काड्या खाली घेतल्या. माय उंबऱ्यावरून हलली नाही. पदर खोचून, ताट कमरेवर टेकवून ती म्हणाली, "वाजवा हो चाचा, आजून वाजवा. साऱ्या सालाचं राह्यलंय."